पोटुशीचा डबा: दहा घरांचा स्वयंपाक, माप आणि पोच

बचत गटानं, एखाद्या संस्थेनं किंवा गल्लीतल्या चार-पाच जणींनी मिळून गरोदर बायांना घरपोच डबा द्यायचं ठरवलं, की पहिली चर्चा भाजी कोणती करायची यावर होते. त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे. डबा दारात पोचवणं सोपं असतं, तो तिच्याच पोटात जाणं अवघड असतं. पुढची सगळी मापं, वेळा आणि पदार्थ याच एका हिशेबानं दिले आहेत. प्रमाण दहा डब्यांचं धरलं आहे, कारण दोघी जणी रोज न दमता तेवढं करू शकतात आणि एक दुचाकी तेवढं वाटू शकते.

डबा तीन ठिकाणी गळतो. सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची सवय असते, म्हणून दहाला आलेला डबा दोन वाजेपर्यंत झाकलेला राहतो आणि तोवर भाकरी वाळते, वरण आंबायला लागतं. दुसरं, अंडं आणि लाडू घरातल्या लहान मुलाच्या हातात जातात, आणि आईनं ते दिले म्हणून तिला बोलणं बरं नव्हे. तिसरी गळती कोणाच्या लक्षात येत नाही: डबा येतोय म्हणून घरात तिच्या वाटणीच्या दोन भाकरी कमी थापल्या जातात. मग डबा वरचा न राहता बदलीचा होतो आणि महिनाभरानं वजनाच्या काट्यावर काही दिसत नाही.

म्हणून सुरुवातीच्या आठवड्यात दोन कामं करा. डबा सुरू करायच्या आधी घरी जाऊन सासूबाईंशी बोला, सुनेसमोर आणि आदरानं: “मावशी, घरची भाकरी-भाजी ती खाणारच आहे. हा डबा डॉक्टरच्या गोळीसारखा वरचा समजा. अकराला आला की तिला आधी बसवा, बाकीचे मागून बसतील.” हे वाक्य तिला स्वतःला घरात म्हणता येत नाही, बाहेरच्या बाईनं म्हटलं की चालून जातं. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्यासाठी एक छोटा लाडू वेगळ्या पुडीत पाठवा. पंधरा ग्रॅमचा तो लाडू आईचा तीस ग्रॅमचा लाडू वाचवतो.

किती द्यायचं

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे गरोदर बाईला रोजच्या गरजेपेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. प्रथिनं चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, आणि सातव्यापासून २२ ग्रॅम जास्त. शेतात किंवा घरात बऱ्यापैकी राबणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या बाईचा हिशेब केला तर दिवसाला अडीच हजारांच्या आसपास कॅलरी आणि शेवटच्या तिमाहीत ६८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. कॅलरी खान्देशी ताटात भाकरी आणि तेलातून भरून निघतात. प्रथिनं, लोह आणि कॅल्शियम मात्र निघत नाहीत, आणि डब्याचं खरं काम तेच आहे.

डब्याचे दोन भाग करा. पहिला ओला भाग, अकरा-साडेअकराला जेवायचा: प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, १२५ ग्रॅम निवडलेल्या पालेभाजीची कूट घातलेली भाजी, एक उकडलेलं अंडं, १०० ग्रॅम दही, अर्धं लिंबू. दुसरा कोरडा भाग, चार वाजता खायचा: तीस ग्रॅमचा शेंगदाणा-तिळाचा लाडू, २५ ग्रॅम फुटाणे, एक केळं. दोन्ही मिळून साधारण हजार कॅलरी आणि ४० ते ४४ ग्रॅम प्रथिनं होतात. सगळं एका बैठकीत संपवायला सांगू नका. सातव्या महिन्यानंतर गर्भाशय वर आल्यामुळे जठराला जागा कमी उरते, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं आणि नेमका चांगला पदार्थ ताटात राहतो.

अंडं न खाणाऱ्या घरी त्या जागी २५ ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. मटकी आठ तास भिजवून, बांधून मोड आणा, पण कच्ची देऊ नका. मोड यायला लागते तीच ऊब जंतूंनाही मानवते, म्हणून गरोदरपणात मोडाची कडधान्यं वाफवूनच द्यायची.

दहा डब्यांचं सामान असं निघतं: ज्वारी-उडदाचं पीठ १ किलो, डाळ ३०० ग्रॅम, पालेभाजी निवडल्यावर सव्वा किलो (म्हणजे बाजारातून दोन किलोच्या पुढे, मेथी असेल तर आणखी), भाजीत घालायला शेंगदाण्याचं कूट १०० ग्रॅम, तेल १०० ग्रॅम, दही १ किलो, अंडी १०, लाडू ३०० ग्रॅम, फुटाणे २५० ग्रॅम, केळी १०, लिंबं ५. सगळ्या स्वयंपाकाला मिळून आयोडीनयुक्त मीठ २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. मीठ मोजून वेगळ्या वाटीत काढा आणि दिवसभर त्याच वाटीतून घाला. हातानं घातलं की हमखास दीडपट जातं.

कळण्याची भाकरी

डब्याचा कणा हीच आहे, म्हणून तिच्यावर मेहनत घ्या. ज्वारीत लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी पडतो आणि उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आल्यावर शरीराला वापरता येणारं प्रथिन वाढतं. आपल्याकडे कळणं पिढ्यान् पिढ्या आहे, ते पोटुशीच्या ताटात मुद्दाम ठेवायचं इतकंच.

प्रमाण: दादर ज्वारी तीन भाग, सालासकट काळे उडीद एक भाग. उडीद धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवा, ओलसर राहिले तर गिरणीत पीठ चिकटतं आणि आठवड्यात कुबट वास येतो. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळून आणा, पावसाळ्यात पाच दिवसांचं. हिवाळ्यात ज्वारीऐवजी निम्मी बाजरी घ्यायला हरकत नाही, तिच्यात लोह जास्त असतं. पण बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं आणि भाकरी कडू लागते, ते पीठ तीन-चार दिवसांतच संपवा.

डब्यातली भाकरी तीन तासांनी कडक होते, ही नेहमीची तक्रार. गार पाण्यात मळलं की असंच होणार. एक किलो पिठाला ८०० मिलिलिटर पाणी मोजून घ्या आणि ते उकळू द्या. परातीत तिसरा हिस्सा पीठ घेऊन त्यावर अर्धं पाणी ओता, उलथन्यानं हलवा, पाच मिनिटं झाका. मग उरलेलं पीठ आणि लागेल तसं पाणी घालून तळहाताच्या टाचेनं खूप मळा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, उकडीमुळे पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. गोळा ९० ग्रॅमचा करा, एक किलो पिठाचे बरोबर वीस होतात. पहिले चार-पाच वजन करून थापले की पुढे हाताला माप बसतं.

तव्यावरून काढलेली भाकरी लगेच डब्यात कोंबू नका, तिची वाफ झाकणाला लागते आणि खालची भाकरी लगदा होते. दुरडीत दोन-तीन मिनिटं उभी ठेवा, मग स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला. प्लॅस्टिकची पिशवी किंवा वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, शाई अन्नाला लागते.

उडदानं पोट जड होतं, आंबट ढेकर येतात असं कोणी सांगितलं तर तिच्यासाठी उडीद सहाव्या हिश्श्यावर आणा, तरी त्रास राहिला तर नुसत्या ज्वारीची भाकरी द्या आणि तिच्या वरणात दहा ग्रॅम मूगडाळ वाढवा. सगळ्यांचा डबा बदलायची गरज नाही.

वरण, भाजी, लाडू

वरणात फसवणूक पाण्याची होते, आणि करणारीला ते कळतही नाही. दोन वाट्या तूर आणि एक वाटी मूग या प्रमाणात ३०० ग्रॅम डाळ घेतली तर शिजून, घोटून, फोडणी देऊन एकूण दीड लिटर झालं पाहिजे, दर डब्याला १५० मिलिलिटर. पातेल्यात दीड लिटर पाणी ओतून आतून खूण करून ठेवा. वरण त्या खुणेच्या वर गेलं की दहा बायांची डाळ पातळ झाली. नवापूरकडची तूरडाळ मिळत असेल तर घ्या, चवीला उत्तम आणि लवकर शिजते. काळा मसाला घाला, पण नेहमीच्या निम्मा. तिखटानं आणि तेलाच्या तर्रीनं शेवटच्या महिन्यांत छातीत जळजळ होते आणि मग बाई जेवणच टाळते. शेवभाजी याच कारणानं डब्यात नको. तळलेली शेव, वर तर्री, आणि दोन्हीतलं मीठ.

आठवड्यात चार दिवस पालेभाजी, दोन दिवस गिलके, दोडके, गंगाफळ यांसारखी फळभाजी. मेथी, शेपू, तांदूळजा, पोकळा, अंबाडी, शेवग्याचा पाला यांतलं जे त्या दिवशी ताजं आणि स्वस्त असेल ते घ्या. भाजी आधी तीन पाण्यांतून धुवा आणि मग चिरा. चिरून धुतली तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात. पावसाळ्यात पहिल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा म्हणजे माती तळाशी बसते. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईतलं लोह भाजीत उतरतं. पण शिजल्याबरोबर स्टीलच्या भांड्यात काढा, कढईतच राहिली तर काळी पडते, तोंडाला लोखंडी चव येते आणि डबा परत येतो.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि हिवाळ्यात भरिताची मागणी होणारच. जरूर द्या, बाईला चार घास जास्त जातात. तेल एका डब्याला दोन चमच्यांवर जाऊ देऊ नका, मिरची कमी, आणि वरून कूट व कांद्याची पात घाला. पण वांग्यात लोह किंवा प्रथिन फारसं नसतं, त्या दिवशी सोबत उसळ हवी.

लाडू दहा डब्यांना: शेंगदाणे १२० ग्रॅम, तीळ ६०, गूळ ११०, तूप १०. दाणे ताटात पसरून एकेक बघा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे काढून टाका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजून जात नाही. दाणे मंद आचेवर भाजून सोला. तीळ वेगळे भाजा, तडतडायला लागले की उतरवा, कारण दोन्ही एकत्र भाजले तर दाणे कच्चे राहतात आणि तीळ करपतात. किसलेला गूळ आणि दाणे-तीळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. दाण्याचं तेल सुटलं की पाक न करता लाडू वळतात. स्टीलच्या घट्ट डब्यात आठवडाभर चांगले राहतात.

गुळानं रक्त वाढतं या समजुतीवर विसंबू नका. लाडवातल्या दहा-अकरा ग्रॅम गुळातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह मिळतं, तर गरोदरपणात रोज २७ मिलिग्रॅम लागतं. लाडवाचा उपयोग दाण्यातलं प्रथिन आणि तिळातलं कॅल्शियम यांच्यासाठी. बीटाचंही तसंच, रंग लाल असला तरी लोह पालेभाजीपेक्षा कमी.

लोह पोटात मुरण्यासाठी

या डब्यातून, पालेभाजीच्या दिवशी, गरजेच्या निम्म्याच्या आसपास लोह मिळतं. पण धान्य-भाजीतलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं, आणि ते किती शोषलं जाईल हे बरंचसं सोबत काय खाल्लं-प्यायलं यावर ठरतं. क जीवनसत्त्व शोषण वाढवतं, म्हणून लिंबू डब्यात अख्खी फोड म्हणून जातं आणि खाताना पिळलं जातं. वरणात आधीच पिळून उकळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागलं की कैरीची फोड द्या, हिवाळ्यात आवळा किंवा पेरू.

उलट चहा शोषण अडवतो. जेवण झालं की लगेच अर्धा कप चहा ही सवय खान्देशात घरोघर आहे. चहा बंद करा म्हटलं तर कोणी ऐकत नाही, म्हणून वेळ सांगा: जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा नाही. डब्याच्या झाकणावर ठसठशीत अक्षरांत “चहा चारला” एवढंच लिहिलेली पट्टी चिकटवा. लांबलचक पत्रकांपेक्षा ही पट्टी जास्त वाचली जाते, आणि घरातले बाकीचेही वाचतात.

आता गोळ्या. डबा कितीही चांगला असला तरी गोळ्या सुटत नाहीत. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं. सोपी मांडणी अशी: कॅल्शियम सकाळच्या न्याहारीबरोबर आणि डब्याबरोबर, लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. झोपताना घेतली की मळमळही कमी जाणवते. शौचाला काळं होणं साहजिक आहे, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून गोळी बंद होते. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, पेरू आणि पालेभाजी वाढवा.

रक्तात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया, आणि ७ च्या खाली असेल तर डब्याची वाट न पाहता थेट रुग्णालय. नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळ्याच्या साक्री-शिरपूर पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आढळतो. तिथं हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून स्वतःच्या मनानं लोहाच्या गोळ्या वाढवू नका, आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि गोळ्यांचं डॉक्टरांना ठरवू द्या. डब्यातलं जेवण मात्र तसंच चालू ठेवा.

ऊन आणि वेळ

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४५ अंशांवर जातो आणि स्टीलचा डबा उन्हात ठेवला की त्यात जंतूंना हवं तसं उबदार घर मिळतं. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तेव्हाच सुरक्षित. मधल्या तापमानात दोन तास, आणि कडक उन्हाळ्यात एकच तास धरा. गरोदरपणात अन्नातून होणारा संसर्ग आईपुरता थांबेलच असं नसतं, म्हणून इथं हयगय नको.

उन्हाळ्याचं वेळापत्रक उलटं मांडा, जेवायच्या वेळेपासून मागे. दहाला खायचं असेल तर सव्वानऊला डबे निघाले पाहिजेत, पावणेनऊला वरण उकळतं असतानाच भरलं पाहिजे. साडेसातपासून भाकरी, दोन तव्यांवर दोघी जणी पाऊण तासात वीस थापतात. भाजी साडेसातच्या आत, डाळ त्याआधी. आदल्या दिवशी फक्त लाडू, भाजी निवडणं आणि मटकी भिजवणं. वरण किंवा भात रात्रीचा नको, फोडणी देऊन ताजा वाटला तरी नको. शिजलेल्या भातात वाढणारा एक जंतू असं विष तयार करतो की ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही.

दही गरम डब्याच्या पिशवीत ठेवू नका. छोट्या झाकणाच्या वाट्यांतच रात्री विरजण लावा, उन्हाळ्यात उशिरा, दहाच्या सुमारास. सकाळी फ्रिजमध्ये घाला आणि ओल्या गोणपाटाच्या वेगळ्या पिशवीतून न्या. लाइट गेली आणि दही आंबलं तर त्या दिवशी ताकही करू नका, एक केळं जास्त द्या. अंडं दहा-बारा मिनिटं उकळून बलक पूर्ण घट्ट झालेलं हवं आणि सालासकटच पाठवायचं. ते जेवतानाच खायचं, चारसाठी राखायचं नाही. चारला खायचं ते लाडू, फुटाणे आणि केळं, ते उन्हानं बिघडत नाहीत.

दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की हे सारं बदलतं. बाई सकाळी सातलाच शेतात जाते आणि अकराचा डबा कुलूपबंद घराच्या ओट्यावर पडून राहतो. वेचणीच्या दिवसांत डबा साडेसहाला द्या आणि कोरडा करा: दुधात मळलेल्या दोन दशम्या, मटकीची सुकी उसळ किंवा मेथीची कोरडी भाजी, अंडं, लिंबू, आणि चारचा भाग नेहमीसारखा. वरण-दही नको. अंडं आणि उसळ शेतात पोचल्यावर आठच्या आत खाऊन घ्यायला सांगा, दशमी दुपारपर्यंत टिकते. पाण्याची दोन लिटरची बाटली तिच्या हातात आहे का तेही बघा. शेतात आडोसा नसतो म्हणून बाया पाणी पीत नाहीत, आणि त्यातून लघवीचा संसर्ग होतो.

सगळ्यांना एकच डबा चालत नाही

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होत असतील तर फोडणीचा वाससुद्धा सहन होत नाही. तिला ओला भाग जबरदस्तीनं देऊ नका. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, दशमी, केळं, लिंबू-मीठ लावलेलं आलं, आणि दर दोन तासांनी थोडं. त्या काळात कॅलरी वाढवण्याची घाई नसते. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर दवाखाना.

साखरेचा त्रास निघाला तर लाडू बंद, त्याऐवजी पंधरा ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. केळ्याऐवजी पेरू. भाकरी दोनच, भात नाही, आणि डब्याचे दोन भाग अगदी वेळेवर. अशा डब्याला हिरवं झाकण ठेवा म्हणजे वाटपात चूक होणार नाही. रक्तदाब वाढला असेल तर लोणचं, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) घरूनही खाऊ नयेत हे सांगा. पण प्रथिनं कमी करू नका. या दोन्ही बायांचा डबा डॉक्टरांना दाखवून ठरवा.

पपई पिकलेली चालते, कच्ची किंवा अर्धकच्ची नको, कारण तिच्या चिकात गर्भाशय आकसवणारे घटक असतात. केळ्यानं बाळाला सर्दी होते ही समजूत रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांतही ऐकू येते, तिला आधार नाही. “जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन सिझर होईल” ही समजूत सगळ्यांत घातक, कारण तिच्यापायी सातव्या महिन्यानंतर, नेमकी गरज वाढते तेव्हा, जेवण कमी केलं जातं.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, दूध आणि केळं द्या. भगर अख्खी आणा आणि निवडून घ्या, सुटं भगरपीठ जुनं आणि बुरशीचं निघतं, त्यातून विषबाधा होतात.

वही आणि बाकीच्या सोयी

डबा परत आल्यावर धुण्याआधी उघडून बघा. काय उरलं ते वहीत लिहा: तारीख, नाव, कितवा महिना, आणि “भाजी अर्धी”, “अंडं नाही खाल्लं” असं दोन शब्दांत. सलग तीन दिवस तोच पदार्थ उरला तर तो पदार्थ बदला, तिला समजावत बसू नका. डबा रोज चाटूनपुसून येत असेल आणि वजन हलत नसेल, तर ती गळती घरात आहे, तेव्हा पुन्हा मावशींना भेटा. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. चौथ्या महिन्यानंतर महिन्याला दीड-दोन किलो वाढ हवी, पूर्ण गरोदरपणात साधारण १० ते १२ किलो. एका आठवड्यात एकदम वजन वाढलं आणि तोंडावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर ते अन्नानं वाढलेलं नाही. १०८ किंवा १०२ ला फोन करा.

अंगणवाडीतून गरोदर बाईला घरी नेण्याचा आहार मिळतो, त्याचं प्रमाण रोज ६०० कॅलरी आणि १८-२० ग्रॅम प्रथिनांचं आहे. तो ती घेते का हे सेविकाताईंकडून कळवून घ्या. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीतच मिळतं. तिथं तुम्ही पुन्हा दुपारचं जेवण देऊ नका, फक्त चारचा कोरडा भाग आणि दही-अंडं द्या, पैसे वाचतील आणि जास्त घरं होतील. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी असते. त्या दिवशी डबा घरी न देता रुग्णालयात द्या, रांगेत उपाशी बसणं टळतं.

स्वयंपाकघराची अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. जुलाब-उलट्या झालेल्या बाईनं थांबल्यावर पुढचे दोन दिवस तरी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि त्या दिवसांची मजुरी कापायची नाही. कापली तर ती आजार लपवून येईल.

माहेरी जाताना

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, म्हणजे २२ ग्रॅम जास्त प्रथिनांची गरज सुरू होते त्याच वेळी डबा सुटतो. आखाजीलाही (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात आणि दोन-तीन आठवडे पत्ता बदलतो. सहाव्या महिन्यातच विचारून ठेवा: कुठल्या गावी, कधी. जवळचं गाव असेल आणि तिथं कोणी डबा करणारं असेल तर नाव-पत्ता द्या. नसेल तर तिच्या आईसाठी एक कागद लिहून द्या, मोठ्या अक्षरांत, सात ओळींचा: रोज दोन कळण्याच्या भाकरी वरच्या. एक वाटी घट्ट वरण. एक अंडं किंवा वाटीभर उसळ. एक वाटी दही. मूठभर दाणे-तिळाचा लाडू. चहा जेवणानंतर तासानं. लोहाची गोळी झोपताना, कॅल्शियम जेवणाबरोबर. मागच्या बाजूला तिचं शेवटचं वजन, हिमोग्लोबिन आणि तारीख लिहा, आणि तो कागद माता-बाल संरक्षण कार्डाच्या आत ठेवून द्या. बाळंतपणाला जाताना ते कार्ड बरोबर असतंच.